गावाची नगरपरिषद होते कशी?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, चहा आला. तेवढ्यात एका ताईंनी विचारलं, "आपलं गाव आता नक्की कुणाचं गं? घरपट्टीची पावती महापालिकेची येते. पण आपली वेगळी नगरपालिका होणार होती ना? तिचं काय झालं?"

बैठकीत अकरा जणी होत्या आणि उत्तरंही अकरा आली. एक म्हणाली, नगरपालिका झाली होती पण कोर्टाने मोडली. दुसरी म्हणाली, वरून सहीच आली नाही. तिसरी म्हणाली, हे सगळं निवडणुकीपुरतं असतं, आपण लक्ष घालू नये.

लक्ष घालू नये हे मात्र मला पटलं नाही. घरपट्टी आपल्या घरात येते, नळाला पाणी नसलं तर हंडा आपल्या डोक्यावर येतो. मी काही वकील नाही, बचत गटांची समन्वयक आहे. पण या एका विषयात मी एकदा चांगलीच फसले आहे, म्हणून नंतर कागद वाचायला शिकले. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते. गावाची नगरपरिषद होते कशी, त्यात कोण काय ठरवतं, आणि आपल्याला बोलायची जागा नेमकी कुठे असते, एवढंच आज पाहू.

आधी आपल्या भागाची गोष्ट

आपल्याकडे नगरपालिका नवी नाही. कल्याणची नगरपालिका १८५५ सालची, म्हणजे रेल्वे कल्याणला आली त्याच्या पुढच्याच वर्षीची. त्या काळात १८५० चा एक कायदा होता. त्यात गावातल्या रहिवाशांनी मागणी केली तर तिथे नगरपालिका नेमता येत असे. पुढे शहरं वाढली. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महानगरपालिका झाली आणि बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ ला, कल्याण महानगरपालिका झाली. तिच्यात कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि आजूबाजूची पुष्कळ गावं एकत्र आणली होती. १९९२ मध्ये अंबरनाथ बाहेर पडलं, कुळगाव-बदलापूरचीही वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे सीमा एकदा आखली की कायमची, असं आपल्या तालुक्यात कधीच नव्हतं.

आता २७ गावांकडे येऊ. ही गावं महापालिकेत होती. कर वाढतो आणि सोयी येत नाहीत, ही तिथल्या लोकांची तक्रार होती. आंदोलनं झाली आणि जुलै २००२ मध्ये शासनाने ही गावं महापालिकेतून वगळली. पुढची तेरा वर्षं तिथे ग्रामपंचायती होत्या. त्याच तेरा वर्षांत तिथे इमारती उभ्या राहिल्या, चाळी झाल्या, भाडेकरू आले. शेतं गेली, पण कागदावर गाव गावच राहिलं.

१ जून २०१५ ला ही गावं पुन्हा महापालिकेत घेतली. लगेच विरोध सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शासनाने ही गावं वगळून वेगळी नगरपरिषद करण्याचा इरादा जाहीर केला आणि हरकती मागवल्या. तरी १ नोव्हेंबर २०१५ ची महापालिकेची निवडणूक ही गावं धरूनच झाली.

मग २०२० साल उजाडलं. जून महिन्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, अधिसूचना निघाली. २७ पैकी १८ गावं महापालिकेतून वगळून त्यांची 'कल्याण उपनगर नगरपरिषद' करायची. ती १८ गावं अशी: घेसर, हेदुटणे, उंबरोली, भाल, द्वारली, माणेरे, वसार, आशेळे, नांदिवली तर्फे अंबरनाथ, आडिवली-ढोकळी, दावडी, चिंचपाडा, पिसवली, गोळवली, मानगाव, निळजे, सोनारपाडा आणि कोळे. आजदे, सागाव, नांदिवली पंचानंद, घारिवली, संदप, उसरघर, काटई, भोपर आणि देसलेपाडा ही नऊ गावं महापालिकेतच ठेवली.

आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे आमच्या बैठकीतली पहिली ताई बरोबर होती. कोर्टाने मोडली हे खरं. पण का मोडली, ते तिला माहीत नव्हतं. ते समजायला कायद्याची पायरी न पायरी पाहावी लागते.

तीन प्रकारची घरं

आपल्या संविधानात ७४ वी दुरुस्ती झाली आणि ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यामुळे अनुच्छेद २४३ क्यू आला. त्यात शहरी कारभाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. गावाचं शहर होऊ लागलेल्या भागाला नगरपंचायत. लहान शहराला नगरपरिषद. मोठ्या शहराला महानगरपालिका. आपण बोलताना नगरपरिषदेला नगरपालिकाच म्हणतो, ते चालतं. कागदावर मात्र नगरपरिषद लिहायचं.

कुठला भाग कशात बसतो हे ठरवताना पाच गोष्टी पाहायच्या, असं संविधान सांगतं: लोकसंख्या किती, वस्ती किती दाट, स्थानिक कारभाराला उत्पन्न किती, शेतीशिवाय दुसऱ्या कामावर किती लोक जगतात, आणि त्या जागेचं आर्थिक महत्त्व काय.

आकडे राज्याच्या कायद्यात आहेत. महाराष्ट्रात नगरपरिषदांसाठी १९६५ चा कायदा आहे. त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. त्याप्रमाणे नगरपरिषद व्हायला लोकसंख्या २५ हजार तरी हवी आणि काम करणाऱ्यांपैकी निदान ३५ टक्के लोक शेतीबाहेरच्या कामात हवेत. नगरपंचायतीसाठी लोकसंख्या १० हजार ते २५ हजार. याशिवाय तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत करायचं धोरण शासनाने २०१४ मध्ये घेतलं. आपल्या जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड अशाच नगरपंचायती झाल्या. महानगरपालिकेला लोकसंख्या ३ लाख तरी लागते.

नगरपरिषदेतही तीन वर्ग असतात. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, ४० हजारांच्या वर एक लाखापर्यंत 'ब' वर्ग, ४० हजारांपर्यंत 'क' वर्ग. वर्गावर कर्मचारी आणि अनुदान अवलंबून असतं, म्हणून तो विचारून घ्यावा.

यात एक मेख आहे. लोकसंख्या म्हणजे आज दारोदार मोजली तर येईल ती नव्हे, तर आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची. बरीच वर्षं ती २०११ चीच धरली गेली. आपल्या गावात २०११ नंतर किती मजले चढले ते तुम्हीच पाहिलंय. तेवढे नळ, तेवढे शौचालयांचे भांडे, तेवढा कचरा वाढला, पण हिशेबात ते नव्हतं.

आणखी एक गोंधळ दूर करते. जनगणनेत एखाद्या गावाला 'जनगणना शहर' म्हणतात. लोकसंख्या ५ हजार, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं जुळलं की जनगणनेच्या वहीत ते शहर होतं. पण त्यामुळे तिथे नगरपरिषद येत नाही. ग्रामपंचायत असते तशीच राहते. नगरपरिषद व्हायला शासनाची अधिसूचनाच लागते.

पायरी न पायरी

पहिली पायरी, मागणी आणि प्रस्ताव. मागणी कुणीही करू शकतं: ग्रामसभा, ग्रामपंचायत, आमदार, संघर्ष समिती. जिल्हाधिकारी माहिती गोळा करतात. लोकसंख्या, क्षेत्र, उत्पन्न, कोणती गावं, कोणते सर्व्हे नंबर. प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जातो. निर्णय राज्य शासनाचा असतो. ग्रामसभेने ठराव केला म्हणून नगरपरिषद होत नाही, आणि ग्रामसभेने नको म्हटलं म्हणून थांबेलच असंही नाही. तरी ठरावाला वजन असतं, कारण पुढे कुठेही जायचं झालं तर तो लेखी पुरावा असतो. गाव हे गाव राहणार नाही असं जाहीर करायचं असेल तेव्हा ग्रामपंचायतीच्या कायद्यातही संबंधित ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीला विचारायची तरतूद आहे.

दुसरी पायरी, उद्घोषणा. शब्द मोठा वाटतो, पण अर्थ साधा आहे: "आम्ही असं करणार आहोत, कुणाची हरकत आहे का?" ही उद्घोषणा राजपत्रात छापावी लागते. त्या भागात खपणाऱ्या निदान एका वर्तमानपत्रात द्यावी लागते. आणि मराठीतली प्रत त्या भागात लोकांच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी लावावी लागते. चावडी, ग्रामपंचायतीचा फलक, तहसील कार्यालय. फलकावरचा कागद वाचायची सवय आपल्याला नसते. तिथे पाण्याच्या वेळापत्रकावर कुणी क्लासची जाहिरात चिकटवलेली असते आणि तिच्याखाली राजपत्राची प्रत असू शकते.

तिसरी पायरी, हरकती. आपली जागा ती हीच. उद्घोषणा राजपत्रात आल्यापासून निदान ३० दिवस मिळतात. हरकत लेखी द्यायची, कारणांसह द्यायची, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. आपल्यासाठी म्हणजे ठाणे जिल्हाधिकारी. हे तिन्ही शब्द लक्षात ठेवा: लेखी, कारणांसह, जिल्हाधिकाऱ्यांकडे.

चौथी पायरी, विचार. जिल्हाधिकारी आलेल्या सगळ्या हरकती शासनाकडे पाठवतात. त्यांचा विचार केल्याशिवाय शासनाला अंतिम अधिसूचना काढता येत नाही. विचार करणं म्हणजे मान्य करणं नव्हे. पण न वाचता बाजूला ठेवणंही नव्हे.

पाचवी पायरी, अंतिम अधिसूचना. ती राजपत्रात आली की नगरपरिषदेचा जन्म झाला. तिच्यात नाव असतं, हद्द असते, गावं असतात.

सहावी पायरी आपल्यासारख्या भागालाच लागते, आणि आमची गाडी तिथेच अडली. वरच्या पाच पायऱ्या ग्रामपंचायतीच्या भागाची नगरपरिषद करायची असेल तर. पण भाग आधीच महापालिकेत असेल तर आधी तिच्यातून बाहेर काढावा लागतो. त्याचा कायदा वेगळा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की महापालिकेची हद्द वाढवायची किंवा कमी करायची तर शासनाने आधी महापालिकेशी विचारविनिमय करायचा.

उच्च न्यायालयात मुद्दा आला तो हाच. १८ गावं वगळताना महापालिकेशी कायद्याला हवा तसा विचारविनिमय झाला नव्हता. ही अट ऐच्छिक नाही, पाळावीच लागते. म्हणून निर्णय रद्द झाला, आणि पाया गेल्यावर त्यावरची कल्याण उपनगर नगरपरिषदही गेली.

हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. समजा बँकेने आपल्या गटाला विचारलं, "तुमचं खातं दुसऱ्या शाखेत हलवू का?" आणि एखादी एकटीच जाऊन हो म्हणून आली. खाली आपण बैठकच घेतली नाही, इतिवृत्तात ओळ नाही, सह्या नाहीत. त्याला गटाचं म्हणणं म्हणता येईल का? महापालिकेचं म्हणणं ठरायचं तर त्यासाठीही सभा असते, ठराव असतो. रीत म्हणजे निव्वळ कागदी खेळ, असं आपण सहज म्हणतो. पण जिला कुणी विचारत नाही तिला विचारायला लावते ती रीतच.

वेगळी नगरपरिषद चांगली की वाईट, यावर ते प्रकरण गेलंच नाही. ज्यांना नगरपरिषद हवी होती त्यांचं नुकसान झालं ते पायरी सुटल्यामुळे. हवी असणारीने आणि नको असणारीने, दोघींनीही यातून एकच गोष्ट घ्यावी. आपल्या बाजूचा निर्णय घाईने झाला तर खूश होऊ नका. पायऱ्या पुऱ्या झाल्या का ते विचारा.

मी कुठे फसले

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये हरकती मागवल्या तेव्हा मी नुकतीच गटाच्या कामाला लागले होते. माझं सासर त्या २७ गावांतलंच. मी उत्साहाने सह्या गोळा केल्या. साठ-पासष्ट बायकांच्या सह्या झाल्या, काही अंगठे. वर एक ओळ लिहिली: "आमच्या गावाचा निर्णय आम्हाला विचारून घ्यावा." किती छान वाटलं होतं तेव्हा! कागद घेऊन एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने हातात घेतला, "ठेवा" म्हणाला, मी ठेवला आणि घरी आले.

पुढे एकदा आमच्या हरकतीचं काय झालं म्हणून विचारायला गेले, तर नोंदच नव्हती. माझ्याकडे पोच नव्हती. झेरॉक्ससुद्धा काढली नव्हती. शिवाय जिथे दिला ते कार्यालयही जिल्हाधिकाऱ्यांचं नव्हतं. आणि नोंद असती तरी त्या एका ओळीत कारण कुठे होतं? बाहेर पडायचं की आत राहायचं, हेही त्यात नव्हतं. साठ बायका एवढ्या विश्वासाने सह्या करून गेल्या आणि त्यांचं म्हणणं कुठेच पोहोचलं नाही. चूक त्या माणसाची जेवढी, तेवढीच माझी. दहा रुपयांच्या कर्जाची नोंद करणारी मी, गावाच्या कागदाची पोच घ्यायला विसरले.

म्हणून आता सांगते, हरकत कशी लिहायची.

वर जिल्हाधिकाऱ्यांचं पद आणि पत्ता. विषयात उद्घोषणेचा क्रमांक आणि तारीख. मग आपलं नाव, गाव, घर क्रमांक. पहिल्याच वाक्यात भूमिका: "प्रस्तावाला माझी हरकत आहे" किंवा "प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे, पण पुढील सूचनांसह". हो, पाठिंबाही लेखी देता येतो. त्याखाली कारणं, एकेक करून, क्रमांक घालून. "अन्याय होईल" एवढं लिहून भागत नाही. "आमच्या पाड्यात एमआयडीसीच्या वाहिनीवरून पाणी येतं, ते एक दिवसाआड येतं. नवीन नगरपरिषद पाणी कुठून घेणार आणि त्याचे पैसे कोण भरणार, हे प्रस्तावात दिलेलं नाही" असं लिहायचं. एकीने सही केलेली एक हरकत हवीच, सोबत गटाचा ठराव जोडता आला तर उत्तम. दोन प्रती काढायच्या. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का मिळाल्याशिवाय दारातून हलायचं नाही. लांब असेल तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचं.

बदलल्यावर घरात काय बदलतं

अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते. सरपंच, सदस्य राहत नाहीत. ग्रामपंचायतीची इमारत, जागा, येणं, देणं, दप्तर सगळं नव्या नगरपरिषदेकडे जातं. निवडणूक होईपर्यंत शासन प्रशासक नेमतं. कारभार मुख्याधिकारी पाहतात. मग प्रभाग आखले जातात, त्यावरही हरकती मागवतात, आरक्षणाची सोडत निघते, मतदार यादी लागते, आणि राज्य निवडणूक आयोग निवडणूक घेतो. महाराष्ट्रात २०११ पासून यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गावात सदस्य असलेल्या ताईने ही सोडत चुकवू नये.

आपल्या बचत गटांना यातून थेट फरक पडतो. ग्रामीण भागात आपण 'उमेद' अभियानात असतो. ग्रामसंघ, प्रभागसंघ, फिरता निधी, सगळं त्याच्यातून. शहरी भागाच्या उपजीविकेच्या योजना वेगळ्या, त्यांचं कार्यालय वेगळं. गटाची नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना मध्ये लटकू नये, म्हणून गटाच्या कागदांचा एक संच आधीच तयार ठेवा.

रोजगार हमीची मजुरी ग्रामीण भागातच मिळते. शहरी हद्द आली की ते जॉबकार्ड चालत नाही. आमच्याकडे इमारती दिसतात, पण हेदुटणे, उंबरोली, घेसर या बाजूला अजून शेतावर जाणाऱ्या बायका आहेत, हे विसरता येत नाही. घरकुलाची योजनाही गावाची वेगळी आणि शहराची वेगळी. ज्यांचं नाव ग्रामीण यादीत लागलंय त्यांनी पहिल्यांदा त्याची चौकशी करावी. रेशनच्या प्राधान्य यादीला ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणजे इथे शहराकडे जाणं काहींना उपयोगाचंही ठरतं.

घरपट्टी बदलते, कारण कर आकारायची पद्धत बदलते. पहिल्या वर्षी किती, नंतर किती टप्प्यांनी वाढणार, हा प्रश्न हरकतीतच विचारा. बिल हातात आल्यावर विचारून वेळ गेलेली असते.

आणि एक गोष्ट जाते, तिची चर्चा कुणी करत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची, असं ग्रामपंचायतीच्या कायद्यात आहे. कितीही कमी जणी आल्या, कितीही घाईत उरकली, तरी ती आपली हक्काची जागा होती. तिथे उठून "दारूच्या दुकानाला परवानगी नको" म्हणता येत होतं आणि ते इतिवृत्तात येत होतं. नगरपरिषदेत आपण नगरसेवक निवडतो, पण सभेत आपण स्वतः उठून बोलत नाही. मग आपल्या बायकांना बोलायची जागा कुठे, हे आपल्यालाच ठरवून मागावं लागेल.

म्हणून बदलाच्या आधी घरातले हे कागद काढून ठेवा: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा, त्यावर नवऱ्यासोबत तुमचं नाव आहे का ते पाहून, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, जन्म, मृत्यू, विवाह नोंदणीचे दाखले, नळजोडणीचा कागद, बांधकामाची जी काही परवानगी असेल ती. दप्तर एका कार्यालयातून दुसरीकडे जातं तेव्हा गठ्ठे उलटसुलट होतात. आपल्या हातातली प्रत आपल्याला तारते.

मग हवी की नको?

हे मला रोज विचारतात. मी उत्तर देत नाही, कारण उत्तर गावागणिक वेगळं असेल. मी प्रश्न देते. गटाच्या बैठकीत हे प्रश्न ठेवा.

उत्पन्न किती आणि कुठून? नगरपरिषद लहान, म्हणजे नगरसेवक हाकेच्या अंतरावर. पण तिजोरीही लहान. रस्ते, गटारं, दिवे, कर्मचाऱ्यांचे पगार यांचा खर्च तिला पेलेल का? महापालिकेची तिजोरी मोठी, पण १२ लाख ४७ हजार वस्तीच्या शहरात, आणि ती २०११ ची मोजणी, तिथे शेवटच्या टोकाचं गाव कितव्या नंबरला येतं?

पाणी कुणाचं? कचरा कुठे टाकणार? दवाखाना आणि बाळंतपणाची सोय कुठे? विकास आराखडा कोण करणार? आपल्या २७ गावांत काही काळ नियोजन एमएमआरडीएकडे होतं आणि दहा गावांसाठी कल्याण ग्रोथ सेंटर आखलं गेलं. म्हणजे रस्ता एकाने आखायचा, कर दुसऱ्याने घ्यायचा आणि पाणी तिसऱ्याने द्यायचं, असंही होऊ शकतं. अशा वेळी तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न नगरपरिषद झाली तरी राहतो आणि नाही झाली तरी राहतो.

या प्रश्नांची उत्तरं प्रस्तावात नसतील, तर तेच तुमचं हरकतीचं पहिलं कारण.

शेवटी आमच्या बैठकीची गोष्ट पुरी करते. त्या ताईंना मी एवढं सगळं सांगितल्यावर त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो फलकावरचा कागद आपण वाचायला हवा होता." आता आमच्या गटात एक ठराव झाला आहे. दर महिन्याला बचतीच्या दिवशी दोघीजणी आधी जाऊन कार्यालयाच्या फलकावर काय लागलंय ते वाचून येतात आणि बैठकीत सांगतात. मागच्या वेळी फक्त कुत्र्यांच्या लसीकरणाची सूचना होती. हरकत नाही. वाचली, लिहून घेतली, खाली सह्या केल्या.

तुमच्याही गटात पाळी लावा. ज्या दिवशी उद्घोषणा लागेल त्या दिवशी ती आपल्यातल्याच कुणीतरी पहिल्यांदा वाचलेली असेल, आणि आपले ३० दिवस पुरते ३० दिवस आपल्या हातात असतील.